सुट्टीत कोण काय वाचतंय? सोसायटीत, वाडीत, गावात पुस्तकांची देवाणघेवाण कशी सुरू करायची

एप्रिलच्या शेवटी परीक्षा संपतात आणि जूनच्या मध्यापर्यंत, विदर्भात तर त्याहूनही आठवडाभर पुढे, शाळा बंद असतात. दुपारी बाहेर पडायची सोय नसते, गावाहून कोणी येतं नाहीतर आपण गावाला जातो, मोठ्यांचंही थोडं निवांत चाललेलं असतं. वर्षभरात पुस्तक हातात घ्यायला सगळ्यात चांगले सहा-सात आठवडे हेच. पण समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंकडे कपाटभर पुस्तकं आहेत हे कळायला आपल्याला दहा-दहा वर्षं लागतात, आणि त्या काकूंना वाटत असतं की आता आपल्यासारखं वाचणारं कोणी उरलंच नाही. मला हे मनापासून खटकतं. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात हे सगळं आम्ही करतो, बऱ्याच जणांनी विचारलं की नेमकं कसं करता, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. सोसायटी नसेल तर वाडी, चाळ, ऑफिस, भावंडांचा ग्रुप, कुठेही चालेल.

आधी प्रश्न नीट विचारा

सगळं या एका गोष्टीवर अवलंबून आहे, म्हणून इथे जरा जास्त लिहिते. "तुमचं आवडतं पुस्तक कोणतं" असं विचारलंत की माणूस बिचकतो. त्याला वाटतं काहीतरी भारी नाव सांगायला पाहिजे, मग सगळे तीच ती चार-पाच गाजलेली नावं सांगतात जी त्यांनी कॉलेजात असताना वाचलेली असतात, बाकीचे अंगठा दाखवतात आणि विषय तिथेच संपतो. त्याऐवजी विचारा, "सध्या काय वाचताय आणि कुठपर्यंत आलात?" याचं उत्तर ज्याच्या हातात काहीतरी आहे त्या प्रत्येकाला देता येतं. मग ते रविवारची पुरवणी असो, जुना दिवाळी अंक असो, रेसिपीचं पुस्तक असो की मुलाच्या पुढच्या इयत्तेचं मराठीचं पाठ्यपुस्तक. अर्धवट राहिलेलं पुस्तक तर आवर्जून चालवून घ्या, कारण "पन्नास पानं वाचली, पुढे जात नाहीये" असं कोणीतरी लिहिलं की दुसरं कोणीतरी हमखास म्हणतं, अहो अजून वीस पानं कळ काढा, नाहीतर म्हणतं, माझंही तिथेच अडलं होतं, आणि गप्पा खऱ्या तिथून सुरू होतात.

पहिला मेसेज तयार हवा असेल तर हा घ्या, आपल्या पद्धतीने बदला:

"नमस्कार मंडळी, सुट्टी लागली. घरात सध्या कोण काय वाचतंय ते सांगूया का? पुस्तक, मासिक, ऐकायचं पुस्तक, कुठल्याही भाषेतलं, काहीही चालेल. अर्धवट असलं तरी चालेल. नाव, कुठपर्यंत आलात आणि आतापर्यंत काय लक्षात राहिलं एवढंच लिहा, लिहायचा कंटाळा असेल तर बोलून पाठवा. सुरुवात मी करते."

आणि खरंच लगेच खाली स्वतःचं टाका. पहिली नोंद साधी असली की दुसऱ्याला धीर येतो, पहिलीच नोंद निबंधासारखी लांबलचक असली की बाकीचे नुसते वाचतात.

तारीख हवी असेल तर २३ एप्रिल चांगली आहे, युनेस्कोने १९९५ पासून तो जागतिक पुस्तक दिन ठरवलाय. पण तेव्हा काही घरांत परीक्षा चालू असतात, तर मग सरळ १ मेला सुरू करा, महाराष्ट्र दिनाची सुट्टी असते, झेंडावंदनाला माणसं खाली जमलेलीच असतात, तिथेच सांगून टाका.

माणसं कशी जमवायची

सुरुवातीला आठ-दहा घरं पुरतात. मेसेजवर विसंबून राहू नका, प्रत्यक्ष बोला. लिफ्टमध्ये, भाजीवाल्यापाशी, खाली बाकावर बसलेल्या आजोबांशी. आजोबा लोक म्हणतात "मी काय, पेपर वाचतो फक्त", त्यांना सांगा की तेच हवंय, पुरवणीतला कुठला लेख आवडला ते सांगा. कानडी, गुजराती, हिंदी, इंग्रजी वाचणाऱ्यांनाही घ्या, त्यांनी आपल्या भाषेतलं मराठीत सांगितलं किंवा मोडकंतोडकं सांगितलं तरी मजा येते. स्टोरीटेलसारख्या ॲपवर पुस्तकं ऐकणारे असतात, स्वयंपाक करता करता किंवा लोकलमध्ये ऐकतात, ते ऐकणं इथे वाचनातच धरायचं, त्यावरून वाद घालू नका. आणि वॉचमनदादा, घरकामाला येणाऱ्या मावशी यांच्या मुलांना विसरू नका, सुट्टीत ती मुलं बऱ्याचदा सोबतच आलेली असतात. त्यांच्यासाठी पुस्तकं सहज हाताला लागतील अशी खाली ठेवा, मागावी लागतील अशी नकोत.

ग्रुप वेगळा काढा. सोसायटीच्या मेन ग्रुपवर पाणी आलं नाही, गाडी कोणी लावली, यात पुस्तकं वाहून जातात. व्हॉट्सॲप ग्रुप असेल तर मेसेज आपोआप गायब होण्याची सेटिंग बंद ठेवा, कारण हा ग्रुप म्हणजेच तुमची यादी आहे. नियम लिहिलेला मेसेज वर पिन करा, पिन जास्तीत जास्त ३० दिवसांची असते, तेव्हा मे संपता संपता परत पिन करायला लागेल. नियम तीनच ठेवा: सुप्रभात आणि फॉरवर्ड नाही, वाचनाची टिंगल नाही, शेवट फोडायचा नाही. दुसरा नियम सगळ्यात महत्त्वाचा. कोणी भुताच्या गोष्टी किंवा प्रेमकथा वाचत असेल आणि त्यावर एकाने जरी नाक मुरडलं तर ते माणूस परत लिहीत नाही, आणि ते बघून अजून चार जण गप्प बसतात. ॲडमिनने अशा वेळी लगेच, पण शांतपणे, खाजगीत बोलायचं.

नोंदीत काय लिहायचं

पुस्तकाचं नाव आणि लेखक, अनुवाद असेल तर अनुवादकाचंही नाव, हे कायम राहून जातं. मग कुठपर्यंत आलात. मग एक, फक्त एकच, लक्षात राहिलेली गोष्ट. मग कोणाला आवडेल आणि कोणाला नाही. आणि शेवटी, वाचायला देणार का, कधी. समजा कोणी गिर्यारोहकाचं आत्मकथन वाचतंय, तर नाव आणि लेखक टाकून पुढे एवढं पुरे:

"अर्धं झालंय. बेस कॅम्पवर हवामान सुधारायची वाट बघत बसायचे दिवस फार बारकाईने लिहिलेत, चढाईपेक्षा तेच जास्त आवडतंय. ट्रेकवाल्यांना आवडेल, भराभर घडामोडी हव्या असतील तर कंटाळा येईल. १० मेनंतर देऊ शकते. बी ४०२."

"अप्रतिम", "नक्की वाचा", "काळजाला भिडलं" एवढंच लिहिलं तर समोरच्याला काहीच कळत नाही. कोणाला कंटाळा येईल हे वाक्य मात्र हमखास उपयोगी पडतं, त्याने पुस्तक योग्य हातात जातं. फोटो टाकायचा तर मुखपृष्ठाचा टाका. एखादा आवडलेला परिच्छेद टाकायला हरकत नाही, पण पानामागून पानं फोटो काढून टाकू नका, त्याचं पुढे सांगते.

ज्येष्ठांना टाइप करायला त्रास होतो. फोनच्या कीबोर्डवर मराठी निवडून माइकचं बटण दाबून बोललं की मराठीत उमटतं, एकदा शेजारी बसून शिकवा. नाहीतर व्हॉइस मेसेज, पण दीड-दोन मिनिटांच्या आत, आणि ऐकणाऱ्या कोणीतरी त्यातलं पुस्तकाचं नाव खाली टाइप करून ठेवायचं, नाहीतर नंतर शोधताना सापडत नाही.

पुस्तकं हातोहात फिरायला लागली की

नोंदी आल्या की आठवड्याभरात "मला द्याल का" सुरू होतंच. इथे हिशोब नीट नसेल तर मनं दुखावतात, म्हणून पहिल्या दिवसापासून वही ठेवा. गुगल शीट चालेल, पण आमचा अनुभव असा की वॉचमनच्या केबिनमधली दोरी बांधलेली साधी वही जास्त चालते, कारण ती सगळ्यांना वापरता येते. रकाने: पुस्तक, कोणाचं, कोणी नेलं, तारीख, परत कधी. पुस्तकाच्या आत पहिल्या पानावर पेन्सिलने नाव आणि फ्लॅट नंबर. शक्य असेल तर सध्याच्या अवस्थेचा एक फोटो, म्हणजे कोपरा आधीच दुमडलेला होता का नंतर, हा प्रश्नच येत नाही.

मुदत पंधरा दिवस. गावाला जाणाऱ्यांनी दोन-दोन पुस्तकं न्यायला हरकत नाही, पण सगळ्यांसाठी शेवटची तारीख ५ जून. त्यामागे कारण आहे, दोन-चार दिवस इकडेतिकडे धरून कोकणात पाऊस त्याच सुमारास येतो, आणि पावसात प्रवास केलेलं पुस्तक पुन्हा पहिल्यासारखं होत नाही.

जे पुस्तक हरवलं तर तुम्हाला वाईट वाटेल ते देऊच नका. लेखकाची सही असलेलं, आईवडिलांच्या हस्ताक्षरातलं, बाजारात न मिळणारं. "हे फक्त आमच्या घरी बसून वाचा" असं स्पष्ट सांगा, लोक येतात, चहा होतो, काही बिघडत नाही. हरवलं किंवा फाटलं तर तेच पुस्तक आणून द्यायचं, मिळत नसेल तर मालक सांगेल ते दुसरं, हे आधीच पिन केलेल्या मेसेजमध्ये असू द्या.

खाली ठेवायला कपाट नसेल तर आंब्याचा खोका उत्तम, या दिवसांत प्रत्येक घरात रिकामा पडलेला असतो. गवत काढा, झटकून पुसून उन्हात वाळवा, तळाला वर्तमानपत्र घाला, पुस्तकं उभी ठेवा. खोक्यात तीच पुस्तकं ठेवायची जी परत नाही आली तरी चालतील. आणि आंब्यावरून आठवलं, रस खाऊन पुस्तकाला हात लावायचा नाही हे पोरांना आणि मोठ्यांनाही सांगा, रसाचा डाग कागदावरून जात नाही आणि त्या वासाला मुंग्या येतात.

मुलांसाठी वेगळं काय

इथे माझं स्पष्ट मत आहे की स्पर्धा ठेवू नका. "कोण जास्त पुस्तकं वाचतंय" म्हटलं की पोरं सगळ्यात बारीक पुस्तकं शोधतात, आणि जाड पुस्तक रमतगमत वाचणारं एखादं मूल उगाच मागे पडल्यासारखं होतं.

सगळ्यात मोठी अडचण बहुतेक घरांत अशी आहे की मूल इंग्रजी शाळेत, मराठी छान बोलतं, कळतं सगळं, पण वाचताना जोडाक्षरं आली की अडतं आणि मग लाज वाटून पुस्तक बाजूला ठेवतं. अशा मुलाच्या हातात त्याच्या वयाचं जाड मराठी पुस्तक दिलं तर ते नको म्हणणारच. त्याला आधी ऐकवा. गोष्ट अशी निवडा की पुढे काय झालं हे कळल्याशिवाय राहवणार नाही, रहस्य, भूत, जंगल, विनोद, आणि उत्सुकता ताणलेल्या जागी थांबा. पुढचं एक पान त्याने, मग एक पान तुम्ही. चुकलं तरी मधे तोडू नका, अडलं तर शब्द सांगा आणि पुढे जाऊ द्या. रोज पंधरा मिनिटं पुरे, पण रोज, आणि ठरलेल्या वेळेला. दुपारी जेवणानंतर सगळं सामसूम असतं तेव्हा बरं पडतं. आठवड्याभराने त्याला आवडलेला अर्धा पानाचा तुकडा त्याच्या आवाजात रेकॉर्ड करून ग्रुपवर टाका. शेजारच्या आजींनी "वा, पुढचं कधी?" म्हटलं की त्या मुलाला जे वाटतं ते आपण घरी कितीही कौतुक केलं तरी वाटत नाही.

लहानांना परीक्षण लिहायला लावू नका. चित्र काढू दे, त्यातल्या माणसाला पत्र लिहू दे, किंवा नुसतं पहिलं पान मोठ्याने वाचून दाखवू दे.

फुकट आणि चांगलं साहित्य हवं असेल तर बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक बालभारतीने नेटवर फुकट वाचायला ठेवलेत, मुलांपेक्षा आईबाबाच त्यात जास्त हरवतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठीत चित्रगोष्टी आहेत, वाचनाच्या पातळीप्रमाणे लावलेल्या, मोकळ्या परवान्याच्या, म्हणजे डाउनलोड करून छापून वाटायलाही अडचण नाही. विज्ञानाची आणि खेळण्यांची आवड असेल तर अरविंद गुप्तांच्या साइटवर मराठीतली पुष्कळ पुस्तकं मिळतात.

नातवंडं परदेशात असतील तरी हे जमतं. अमेरिकेत शाळांना मोठी सुट्टी साधारण जून ते ऑगस्ट असते, बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत जाणाऱ्या मुलांचाही तेव्हा सराव सुटतो. आपली सकाळ म्हणजे त्यांची आदली संध्याकाळ, तेव्हा आजीने व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटं एक प्रकरण वाचायचं. पुस्तकाच्या दोन प्रती असतील, एक इथे आणि एक तिथे, तर फारच छान, मूल बोट ठेवून सोबत वाचतं.

पुस्तकं कुठून आणायची

घरातली संपली की वाचनालय. आपल्याकडे जुनी आणि चालू वाचनालयं किती आहेत याची आपल्याला कल्पना नसते. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, पणजीची सेंट्रल लायब्ररी १८३२ ची, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. आपल्या गावचं कदाचित एवढं जुनं नसेल, पण तालुक्याच्या बहुतेक ठिकाणी सरकारी अनुदानावर चालणारं सार्वजनिक वाचनालय असतं. तिथे जाऊन तीन गोष्टी विचारा: अनामत किती, महिन्याची वर्गणी किती, बालविभाग आहे का. दोन घरांनी मिळून एक सभासदत्व घेतलं तरी सुट्टीपुरतं भागतं. ग्रंथपालांना सांगा की आमचा असा असा गट आहे, ते स्वतःहून पुस्तकं सुचवतात, त्यांना वाचणारी माणसं हवीच असतात.

गट टिकला तर नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' योजनेकडे बघा, त्यात पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांकडे जातात आणि काही महिन्यांनी आपापसात बदलल्या जातात, अगदी दुबईपर्यंत गेल्यात त्या पेट्या. फिरायला जाणार असाल तर महाबळेश्वर-पाचगणीच्या मधलं भिलार करा, ४ मे २०१७ ला ते पुस्तकांचं गाव झालं. तिथे गावातल्या घरांत वेगवेगळ्या विषयांची पुस्तकं मांडलेली आहेत, कुठेही बसून वाचा. नुसतं फोटो काढून परत येऊ नका, एक अख्खी दुपार द्या.

आता पीडीएफ. ग्रुपवर कोणीतरी नवीन पुस्तकाची स्कॅन केलेली फाइल टाकतंच. ती काढून टाका, आणि का ते सांगा. भारतात लेखक हयात असेपर्यंत आणि गेल्यानंतर पुढे ६० वर्षं हक्क राहतात, अनुवाद असेल तर अनुवादकाचे हक्क वेगळे. मराठी पुस्तकाची आवृत्ती मुळातच छोटी असते, त्यात फुकटच्या फाइल फिरल्या की प्रकाशक पुढची आवृत्ती काढायला धजत नाही. कायद्याने मोकळं झालेलं जुनं साहित्य मराठी विकिस्रोतावर आहे, लेखकांच्या परवानगीने दिलेली पुस्तकं ई साहित्य प्रतिष्ठानकडे आहेत, त्यांची लिंक टाका. बाकी ई-बुक विकत घ्या.

एकत्र बसणं

महिन्यातून दोनदा पुरे. मुंबई-पुण्यात संध्याकाळी सातनंतर गच्चीवर, नागपूर-चंद्रपूरकडे गच्ची रात्रीपर्यंत तापलेली असते, तिकडे सकाळी सातला बसा. प्रत्येकाला तीन मिनिटं, मुलं आधी, कारण नंतर ती पळतात. पुस्तक हातात घेऊन यायचं आणि त्यातलं अर्धं पान वाचून दाखवायचं, यावर मी ठाम आहे. लेखकाची वाक्यं कानावर पडली की "हे मला हवं" असं आपोआप निघतं, सारांशाने ते होत नाही. प्रमुख पाहुणे, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक काही नको. पन्हं नाहीतर कोकम सरबत ठेवा, जेवण ठेवू नका, नाहीतर ज्यांच्या घरी बैठक असेल त्यांच्यावर ताण येतो आणि पुढच्या वेळी कोणी पुढे होत नाही.

जे फक्त ऐकायला येतात त्यांना बोलायचा आग्रह करू नका. ते दुसऱ्या-तिसऱ्या वेळी बोलतात.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात ग्रुप एकदम शांत होतो, निम्मी माणसं गावाला, नेटवर्क नाही, लग्नकार्यं. घाबरू नका आणि "कोणीच काही लिहीत नाही" असा मेसेज तर अजिबात टाकू नका. फक्त स्वतःची नोंद टाका. गावाला गेलेल्यांना विचारा, तिथे माळ्यावर, जुन्या कपाटात काय सापडलं? आजोबांच्या ट्रंकेतली पिवळी पडलेली पुस्तकं, बांधून ठेवलेले जुने अंक, यांचे फोटो आले की ग्रुप परत जागा होतो. अशी पुस्तकं सापडली तर कडक उन्हात घालू नका, कागद आणखी ठिसूळ होतो, सावलीत वाऱ्यावर उघडून ठेवा, मऊ ब्रशने धूळ झटका, फाटलेल्याला चिकटपट्टी लावू नका, ती काही वर्षांनी पिवळी पडून कागद घेऊनच निघते. सरळ बाइंडरकडे द्या. कसर लागलेलं पुस्तक बाकीच्या पुस्तकांपासून लांब ठेवा आणि तोपर्यंत ते कोणाला वाचायला देऊ नका.

जूनमध्ये

५ जूनला वही उघडा, परत न आलेल्यांना एकदाच, नाव न घेता ग्रुपवर, आणि मग घरी जाऊन सांगा. बहुतेक वेळा पुस्तक शोकेसमध्येच असतं, विसरलेलं. खोक्यात उरलेली पुस्तकं कोणाला द्यायची असतील तर आधी शाळेला किंवा वाचनालयाला फोन करून विचारा की काय हवंय. न विचारता नेऊन टाकलेली पोतीभर जुनी गाइडं त्यांना रद्दीत घालावी लागतात.

ग्रुपवर आलेल्या सगळ्या नोंदींची एक यादी करा, नाव, लेखक, कोणी सुचवलं आणि कोणाला आवडेल ते वाक्य, एवढंच. एक प्रिंट नोटीस बोर्डावर, एक वाचनालयात, कारण नवीन खरेदीसाठी वाचकांच्या सूचना त्यांना चालतात. आणि त्याच बैठकीत दिवाळी अंकांचं ठरवून टाका: सहा घरं, प्रत्येकाने वेगळा अंक घ्यायचा, कोणी कोणता ते आत्ताच वहीत लिहून ठेवायचं, म्हणजे ऑक्टोबरमध्ये एकच अंक चार घरांत येत नाही आणि प्रत्येकाला एका अंकाच्या पैशात सहा वाचायला मिळतात.